वास बाहेर जाऊ द्या

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा आधी त्या खूप गोड बोलल्या. "नीलिमाताई, तुमच्या कामाबद्दल लिहाच. इतकं वेगळं काम आहे तुमचं!" मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त ते बुरशी वगैरे शक्य तितकं कमी ठेवा हं. लोक फराळ खाताखाता वाचतात." बुरशी शक्य तितकी कमी ठेवणं हाच माझा धंदा असल्यामुळे मी लगेच हो म्हटलं. आता त्यांनी पुढचं वाचताना चकली बाजूला ठेवावी.

मी अमेरिकेतल्या बॉथेल नावाच्या पावसाळी गावात राहते आणि आरव्हीमधली ओल काढते. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं एका डब्यात. नवऱ्यामागून अमेरिकेत आले, व्हिसामुळे बरीच वर्षं घरी बसून काढली, आणि काम करायची परवानगी हातात पडली तेव्हा कम्युनिटी कॉलेजात आरव्ही दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसले. वर्गात मी सोडून सगळ्यांना दाढी होती. मंडळात माझी ओळख करून देताना लोक अजून अडखळतात. "या नीलिमाताई, या... ऑटोमोबाइलमध्ये आहेत." मुलं मात्र सरळ बुरशीमावशी म्हणतात. आईने साताऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय की मी हवामान खात्यात आहे. तेही तसं खोटं नाही. गाडीच्या आतलं हवामान हाच माझा विषय.

तो विषय फार सोपा आहे. आरव्हीची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा, आत पातळ प्लाय आणि मध्ये थोडा फोम. आपण आत श्वास घेतो, चहा उकळतो, आंघोळ करतो, ओले बूट काढून ठेवतो. त्या सगळ्याचं पाणी हवेत जातं आणि टेकायला थंड जागा शोधत फिरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा घाम खिडकीला, कोपऱ्याला, गादीच्या मागच्या भिंतीला फुटतो. दोन-चार आठवडे त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की काळे ठिपके येतात. आमच्याकडे हिवाळाभर रिपरिप चालू असते, त्यामुळे ते ठिपके तिथेच मूळ धरतात.

उपायही सोपा आहे, आणि म्हणूनच कोणाला आवडत नाही. आतली दमट हवा बाहेर सोडायची. छतात एक झाकण असतं, त्याला व्हेंट म्हणतात. ते बोटभर उघडं ठेवायचं आणि त्यातला पंखा चालू करायचा, थंडीतसुद्धा आणि पावसातसुद्धा. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याला जानेवारीत गच्चीवर झोपायला सांगितलंय. त्याला हवा असतो एखादा स्प्रे. लोक बाटल्याच्या बाटल्या ब्लीच ओततात, काळं पांढरं होतं, मंडळी खूश होतात, आणि महिन्याभरात बुरशी ताजीतवानी होऊन परत येते. नुसतं झाकण उघडून वाचल्या असत्या अशा कितीतरी गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात. त्याची हळहळ अजून वाटते.

या धंद्यात आणखी एक गोष्ट शिकले. डॉक्टरशी आणि माझ्याशी सगळे खोटं बोलतात. एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थाने छत गळतंय म्हणून मला तीनदा बोलावलं. छत ठणठणीत होतं. त्याचे दोन धिप्पाड कुत्रे रोज तळ्यात डुंबून येऊन त्याच्या पलंगावर झोपायचे. कुत्र्यांना खाली झोपवा म्हटलं, तर म्हणाला, त्यापेक्षा छत बदलू. आपल्यातल्या एका इंजिनियर जोडप्याने गाडीभर सेन्सर लावले होते आणि फोनवर ओलीचा ग्राफ काढला होता. ग्राफमध्ये रोज संध्याकाळी एक डोंगर यायचा. "मावशी, ही ॲनॉमली एक्स्प्लेन होत नाहीये," म्हणाले. त्या ॲनॉमलीला शिट्टी होती आणि तिच्यात तूरडाळ शिजत होती. "पण आम्ही तर आत फारसं कुकिंग करतच नाही," हेही वर होतंच.

तर आता सागरच्या आरव्हीबद्दल.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. सागर इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळ नागपूरचा. "मावशी, एक फेवर हवाय. आरव्हीला मोल्ड लागलाय. मला ती विकून टाकायचीय, पण आई-बाबा ऐकत नाहीत. तुम्ही फक्त येऊन बघा आणि सांगा की इट्स गॉन. तुमचं ऐकतील."

निकाल आधी आणि तपास नंतर, असं काम मी सहसा घेत नाही. पण ही गाडी मला माहीत होती, म्हणजे सगळ्या मंडळालाच माहीत होती. महामारीच्या काळात सगळ्यांनी घेतली तशी सागरनेही आरव्ही घेतली, दोनदा फिरवली आणि घराशेजारी उभी करून टाकली. पुढे त्याचे आईवडील, मालतीकाकू आणि विनायककाका, कायमचे इकडे आले. आधी वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहिले आणि काही महिन्यांत सामान उचलून खालच्या आरव्हीत राहायला गेले. काकूंनी कारण सांगितलं गुडघ्यांचं, जिने चढवत नाहीत म्हणून. पायऱ्या आरव्हीलाही होत्या, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही. मंडळाने मात्र आपला निकाल केव्हाच लावून टाकला होता: सुनेने सासू-सासऱ्यांना गाडीत काढलं. केतकीला, म्हणजे त्या सुनेला, हे सगळं कानावर येत असणार. ती कधी काही बोलली नाही.

मी पोचले तेव्हा चौघंही आरव्हीत उभे होते. एवढ्याशा जागेत चार माणसं आणि मी, त्यात माझी पेटी. काका खोकले आणि सागरने लगेच बोट दाखवलं. "ऐकलंत? हे मोल्डमुळे आहे."

"अरे, खोकला तर मले नागपुरातही होता," काका म्हणाले.

"बाबा, प्लीज."

"काही नाही गं नीलिमा," काकूंनी माझ्या हातात चहा दिला. "थोडंसं काळं झालं आहे. पुसलं की जाते. तू उगाच आली एवढ्या पावसात."

दारातच माझ्या नाकाने काम सुरू केलं होतं. बुरशीचा वास ओल्या जुन्या पुस्तकासारखा असतो, तो होताच. पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता, आंबूस, ओळखीचा. कुठला ते मात्र काही केल्या आठवेना.

ओल मोजायचं माझं यंत्र छोटं असतं. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवायच्या. भिंत ओली असली की ते किंचाळतं. खिडकीपाशी ते जेमतेम कुरकुरलं. पलंगाच्या वरच्या छताला लावलं तर असं किंचाळलं की काकू दचकून मागे सरल्या. काळे डागही नेमके तिथेच होते, अगदी पलंगाच्या आकाराचे. मी शिडी लावून पावसात वर चढले आणि छताचा जोड न् जोड चाचपला. गळती कुठेच नव्हती. म्हणजे पाणी वरून येत नव्हतं, पलंगावरूनच वर जात होतं. काका-काकूंच्या श्वासात आणि काकांच्या घोरण्यात मिळून एवढं पाणी नसतं.

खाली येऊन व्हेंट उघडायला गेले, तर तो आतून चंदेरी टेपने बंद केलेला. उगाच फाडून चिकटवलेली टेप नव्हे. कडा जुळवून, कोपरे दुमडून, थरावर थर.

"ही कोणी लावली?"

"थंडी येते न," काका म्हणाले.

"पाणी येते," काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली की माझे कान टवकारतात.

"पलंग उचलून खाली बघावं लागेल," मी म्हटलं. आरव्हीतला पलंग पेटीच्या झाकणासारखा वर उचलता येतो आणि खाली सामानाला जागा असते.

"तिथे काही नाहीये मावशी, जस्ट ब्लँकेट्स," केतकी म्हणाली.

"माह्या साड्या आहेत," काकू म्हणाल्या.

"हत्यारांची पेटी आहे," काका म्हणाले.

इतका वेळ मला फक्त सागर घाईत आहे असं वाटत होतं. आता माझ्या लक्षात आलं की त्याच्याशिवाय बाकीचे तिघं घाबरलेले आहेत. गाडी विकली जाईल म्हणून काका-काकू घाबरणं मला समजत होतं. केतकी कशाला घाबरली होती?

मी पलंग उचलला. वर खरंच ब्लँकेटं होती. त्यांच्या खाली सुती साड्या होत्या, दमट आणि तरीही पापडासारख्या कडक. जागोजागी पांढरे खडबडीत डाग. साड्यांखाली स्टीलचे मोठे डबे, झाकणं घट्ट लावलेले. डब्यांना मी हात लावला नाही, कारण तेवढ्यात मला गादीच्या शिवणीत काहीतरी दिसलं: पांढरा, वेडावाकडा, सुतासारखा बारीक तुकडा. मी तो चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि तोंडात टाकला.

"मावशी!" सागर ओरडला. "तो मोल्ड आहे!"

मी नीट चावून गिळलं. "काकू," म्हटलं, "मीठ किंचित कमी पडलंय."

मग काकांनी कबुलीजबाब दिला, तोही अशा थाटात की जणू इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं म्हणून राहून गेलं. "कुरडया आहेत," ते म्हणाले.

हिवाळाभर काकू आरव्हीत कुरडया घालत होत्या. गहू बाथरूममधल्या बादलीत भिजत घालायचे. ते आंबले की मिक्सरवर वाटून, गाळून सत्त्व काढायचं. शेगडीवर मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा, नुसती वाफच वाफ. मग पलंगावर साडी पसरून सोऱ्याने कुरडया पाडायच्या आणि त्या वाळाव्यात म्हणून गॅस मंद ठेवायचा. गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाणी निघतं हे लोकांना खरं वाटत नाही, पण निघतं. म्हणजे कुरडयांतलं पाणी, वर गॅसचं पाणी, आणि डोक्यावरचं झाकण टेपने बंद. बुरशीला एवढं अगत्य मी माझ्या उभ्या कारकिर्दीत कोणी दाखवलेलं पाहिलं नव्हतं. आणि तो आंबूस वास भिजलेल्या गव्हाचा होता. माझं नाक असून मला तो ओळखता आला नाही, याची मात्र लाज वाटली.

"पण आई, लपवून कशाला?" सागरने विचारलं. "आणि व्हेंट का बंद केला?"

काकू साडीच्या डागावर नख घासत राहिल्या. उत्तर काकांनी दिलं. "वास तुझ्या घरात जाऊ नये म्हणून. तूच म्हणाला होता."

"मी? मी काय म्हणालो?"

"आल्या आल्या तिने तुमच्या किचनमध्ये गहू भिजवले होते. तुझे हापिसातले लोक जेवायला येणार होते. तू खिडक्या उघडल्या, मेणबत्त्या लावल्या अन् म्हणाला, आई, असले वास इथं चालत नाहीत."

"मी असं म्हणालो?" सागरने केतकीकडे पाहिलं. "व्हेन?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, त्याच्यासाठीसुद्धा. जे वाक्य तो जेवणं आटोपायच्या आत विसरला होता, त्या एका वाक्यावर त्याच्या आईने घर बदललं होतं, गुडघ्यांचं निमित्त शोधलं होतं आणि डोक्यावरचं झाकण बंद करून घेतलं होतं.

"जाऊ दे नं बाप्पा," काकू म्हणाल्या. "पोराची नोकरी आहे, त्याचे लोक येतात. मी म्हटलं, आपण वेगळं राहू. इथं दार लावलं अन् टेप लावली की कोणाला त्रास नाही. मले बी घडीघडी हुंगून पाहावं लागत नाही, कशाचा वास येते म्हणून." आणि मग माझ्याकडे वळून, "नीलिमा, गाडी खराब झाली म्हणून सांगू नको गं. माही चूल आहे ही."

सागर डब्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "पण एवढ्या कुरडया खातं कोण?"

"मी," केतकी म्हणाली.

सागर आणि मी तिच्याकडे बघायला लागलो.

"रोज दुपारी. तू वर मीटिंगमध्ये असतोस तेव्हा मी इथे येते. आई तळून देतात. माझे पण कॉल्स असतात, सो आय म्यूट मायसेल्फ, नाहीतर कुरकुर ऐकू जाते." मग म्हणाली, "आणि लोक म्हणतात मी यांना बाहेर काढलं. मी काय सांगू लोकांना? सांगितलं असतं तर कुरडया बंद झाल्या असत्या."

मला हसू आवरेना. मंडळातल्या समस्त काकू-मावश्यांनी वर्षभर जिच्या नावाने बोटं मोडली, ती रोज दुपारी सासूच्या हातचं तळण खात बसली होती. माझ्या मते तिने इतकी शांतता ठेवली ती तोंड भरलेलं असल्यामुळेच.

सागर मात्र मुद्द्यावर परत आला. "ओके मावशी. तरी पण मोल्ड इज मोल्ड. विकायची ना?"

आता पाळी माझी होती. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बाजूने एखादी थाप मारणं मला अवघड नव्हतं. पण भिंतीच्या ओलीबद्दल मी खोटं बोलत नाही, ती पुढच्या हिवाळ्यात मला तोंडघशी पाडते. मी प्लाय सगळीकडे अंगठ्याने दाबून पाहिला. कुठेच मऊ पडला नव्हता. बुरशी वरवरची होती.

"गाडीत काही दोष नाही," मी म्हटलं. "दोन दिवस द्या, साफ करून देते. पुढे ती कोरडी राहील, पण एका अटीवर. हा व्हेंट उघडा राहायला हवा आणि पंखा चालू. कुठल्याही कारणासाठी टेप नाही. काकांच्या खोकल्याचं डॉक्टरला विचारा, ते माझं खातं नाही."

"डन. आणि वास?"

"तो पण जाईल. बाहेर."

"बाहेर म्हणजे... त्या व्हेंटच्या अगदी वर माझ्या घरच्या ऑफिसची खिडकी आहे."

"सागर," मी म्हटलं, "ओल आणि वास एकाच भोकातून जातात. एकाला जा आणि दुसऱ्याला थांब, असं मला नाही करता येत. तसं यंत्र अजून निघालेलं नाही. आत कोंडायचं की बाहेर सोडायचं, तेवढं तू ठरव."

"अँड द नेबर्स?"

"शेजारचा तो दर रविवारी अख्खं डुक्कर भाजतो," केतकी म्हणाली. "आपण कधी काही म्हटलंय त्याला?"

सागरने एकदा वर पाहिलं. मग उचललेला पलंग खाली केला, बूट न काढताच त्यावर चढला आणि टेप ओढायला लागला. काकांनी ती इतकी इमानदारीने लावली होती की निघता निघेना. "बाबा, काय लावलंय हे!" म्हणत तो नखांनी थर सोलत राहिला. शेवटी छताचा रंग घेऊनच ती निघाली. व्हेंट उघडला, थंड हवा आत आली, चार थेंबही आले. काकू म्हणाल्या, "गादी भिजेल रे." पण बंद कर असं म्हणाल्या नाहीत.

मी दोन दिवस राबले. गादी बाहेर काढली, छत धुतलं, पुसलं, वाळवलं, गादीखाली हवा खेळावी म्हणून पट्ट्या ठोकल्या. हवेतली ओल ओढून घेणारं माझं मोठं यंत्र आत लावलं. त्याची टाकी भरताना काकू स्टूल घेऊन समोरच बसून राहिल्या. "हे सारं पाणी हवेतून काढते?" त्यांनी विचारलं. मग त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली, जी मी ओळखायला हवी होती. "यात कुरडया वाळतील का गं?"

यंत्राच्या पुस्तिकेत असा काही उल्लेख नाही. पण धंद्यातल्या माणसाला जिज्ञासा असावी लागते. आम्ही सागरच्या गॅरेजमध्ये एका टेबलावर साडी पसरली, वर पंखा सोडला, शेजारी यंत्र लावलं. कुरडया अशा खणखणीत वाळल्या की काकू म्हणाल्या, नागपूरच्या उन्हाला जमत नाही. त्यानंतर त्यांनी यंत्रावर हात फिरवला आणि मला डबा भरून दिला. डबा मी परत केला. यंत्र अजून परत आलेलं नाही. मी विचारलं की काकू म्हणतात, "अगं, थोडी ओल आहे अजून."

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या मागच्या गल्लीत एका गिऱ्हाइकाकडे निघाले होते. पाऊस उघडला होता, गाडीची काच खाली होती. वळणावर आले आणि तो वास नाकात शिरला, आंबलेल्या गव्हाचा, चांगला दणदणीत. फुटपाथवर कुत्र्याला फिरवणारा एक माणूस थांबून इकडेतिकडे बघत होता. त्याला काही कळेना, कुत्रा मात्र अत्यंत खूश होता. सागरच्या घरासमोर मी गाडी जरा हळू केली. आरव्हीच्या छतावरचं झाकण वर होतं, पंखा गरगरत होता. त्याच्या अगदी वर सागरच्या ऑफिसची खिडकी होती, आणि ती सताड उघडी होती.

पेटी मागच्या सीटवरच होती, पण मी उतरले नाही. भिंती कोरड्या आहेत, हे रस्त्यावरूनच कळत होतं.